बाहेरच्या पंख्याबाबत

विषय : राहत्या घरातील वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील पंख्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदार सौ. सत्यभामाबाई माणिकराव मेहेत्रे यांचे तीन अर्ज. २) यंत्रदुरुस्ती करणारे धम्मदीप यांचा तोंडी अहवाल. ३) घरकामास येणाऱ्या पुष्पाबाई यांचा जबाब.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर पंखा अर्जदार हयात असेतोवर कोणाच्याही मदतीविना फिरत होता, अशी या कार्यालयाची समजूत होती. ती समजूत चुकीची होती.

एवढा मजकूर लिहून माणिकराव मेहेत्र्यांनी पेनाला टोपण लावलं. तालुक्याच्या एका कचेरीत चौतीस वर्षं खर्डेघाशी करून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, आणि त्या चौतीस वर्षांत कार्यालयाची समजूत चुकीची होती असं वाक्य त्यांच्या हातून एकदाही कागदावर उतरलं नव्हतं. कागद कोणाला पाठवायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. ‘प्रति’च्या पुढची जागा कोरीच होती.

आता हा प्रकार मुळापासून सांगायला हवा.

माणिकरावांच्या घरात एक रीत होती, आणि ती देऊळगाव राजात दुसऱ्या कोणत्याही घरी नसावी. लग्नाला महिना झाला असेल. साखरखेर्ड्याहून आलेल्या नव्या नवरीनं पोळपाट दुभंगल्याचं सांगितलं, तेव्हा दारात चपला घालता घालता माणिकराव म्हणाले, “तोंडी मागणीची दखल घेतली जात नाही. अर्ज करा.” विनोद कचेरीतला होता, त्यामुळे फारसा चांगला नव्हता. पण संध्याकाळी ते घरी आले तर चहाच्या कपाखाली कॅलेंडरचं फाडलेलं पान ठेवलेलं होतं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं : ‘मे. साहेब, पोळपाट मोडला आहे. नवीन न मिळाल्यास पोळ्या साहेबांच्या टेबलावर लाटण्यात येतील. कळावे.’ माणिकरावांनी त्यावर ‘मंजूर’ असा शेरा मारला, खाली सही केली, आणि दुसऱ्या दिवशी पोळपाट आणला.

तेव्हापासून अडतीस वर्षं त्या घरात कागदावाचून काही हललं नाही. प्रेरणाची शाळेची सहल, न्हाणीघराचं दार, माहेरी आठ दिवस जादा राहण्याची परवानगी, साऱ्याचे अर्ज झाले आणि साऱ्यांवर शेरे पडले. सत्यभामाबाई दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या, पण त्यांचे अर्ज माणिकरावांच्या कचेरीत येणाऱ्या वकिलांच्या अर्जांपेक्षा कितीतरी सुटसुटीत असत. माणिकराव ते सारे लाल फितीत बांधून कपाटात ठेवत. ‘शासनाचा कागद हरवतो, घरचा हरवता कामा नये,’ असं ते म्हणत, आणि पाहुण्यांना ती फाईल दाखवून हसवत.

मग गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये सत्यभामाबाईंना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हाताचं काही सांगता येत नाही, पायाची आशा मात्र धरू नका. घरी आणल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी डाव्या हातानं लिहायला सुरुवात केली. अक्षरं मागे कलंडलेली, एकेक शब्द दमून थांबलेला. आता अर्ज हीच त्यांची वाचा होती. खरं म्हणजे इथेच माणिकरावांच्या ध्यानात यायला हवं होतं की थट्टेचा भाग संपला. पण थट्टेवाचून बायकोशी बोलायची दुसरी भाषा त्यांनी अडतीस वर्षांत शिकलीच नव्हती, म्हणून ‘पाणी’ एवढाच शब्द लिहिलेल्या कागदावरही ते ‘तात्काळ पुरवठा करण्यात यावा’ असा शेरा मारत आणि पाणी देत. सत्यभामाबाईंचा चेहरा डाव्या बाजूनं हसे.

प्रेरणा नागपूरला बँकेत होती. तिनं एप्रिलमध्ये येऊन मागच्या खोलीत एसी बसवून दिला. घराची मागची भिंत तिथे काटकोनात वळते, आणि त्या वळलेल्या भिंतीवर लोखंडी पट्ट्यांवर एसीचं बाहेरचं युनिट बसवलेलं होतं, खिडकीच्या गजांतून हात घातला तर वीतभर लांब राहील इतकं जवळ. खाली दोन घरांमधला अरुंद बोळ, त्याला लोखंडी दार, दाराला कुलूप आणि कुलपाची किल्ली माणिकरावांच्या जानव्याला नसली तरी करदोट्याला कायम. दुपारची लाईट तीन-चार वेळा जाई. ती परत आली की यंत्र आपसूक चालू होई, तीन मिनिटं विचार करी आणि मग गार हवा सोडू लागे. तीन मिनिटांत निर्णय घेणारं हे घरातलं पहिलंच खातं, असं माणिकराव म्हणत.

दुपारी एक ते चार ते वाचनालयात जात. चार वर्तमानपत्रं, एखादं जाडजूड पुस्तक, दोन-तीन निवृत्त मंडळी. सत्यभामा त्या वेळी झोपते, अशी त्यांची समजूत होती. आजाऱ्याच्या खोलीत माणूस तीन तास काय करणार, अशीही होती. दुसरी समजूत त्यांनी कोणाला बोलून दाखवली नाही.

या वर्षी मार्चच्या अखेरीला पहिला अर्ज आला. ‘बाहेरचा पंखा थांबतो. पाहा.’ माणिकराव खिडकीशी गेले, पाहिलं, आणि शेरा मारला : ‘समक्ष पाहणी केली असता पंखा फिरत असल्याचे आढळले. अर्ज निकाली.’ एप्रिलमध्ये दुसरा आला. ‘तुम्ही येता तेव्हा फिरतो. दुपारी थांबतो.’ त्यावर शेरा : ‘अर्जदाराने पुरावा सादर करावा.’ हा शेरा त्यांना स्वतःलाच इतका आवडला की वाचनालयात त्यांनी तो वामनरावांना सांगितला आणि वामनराव ठसका लागेपर्यंत हसले.

मेच्या पहिल्या आठवड्यात तिसरा अर्ज आला. त्यात पंख्याचा उल्लेख नव्हता. ‘दुपारी घरी थांबा.’ एवढंच. माणिकरावांनी तो वाचला, क्षणभर हातात धरला, आणि लिहिलं : ‘विषय एकच असल्याने मागील अर्जास जोडावा. प्रलंबित.’ टाचणी लावली आणि फाईल मिटली.

सतरा मेला ते साडेचारला घरी आले, तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडताच भट्टीसारखी धग तोंडावर आली. बाहेरचं युनिट घुमत होतं आणि पंखा थांबलेला होता. सत्यभामाबाई पलंगावर नीट झोपलेल्या होत्या, चादर छातीपर्यंत ओढलेली, डावा हात चादरीवर. दुसरा झटका, असं डॉक्टर म्हणाले. उकाड्याचा काही संबंध असेल का, असं माणिकरावांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले की वय आणि दुखणं पाहता तसं काही सांगता येणार नाही. हे उत्तर माणिकरावांना चांगलं परिचयाचं होतं. ते स्वतः ते चौतीस वर्षं देत आले होते.

सव्वा महिन्यानंतर प्रेरणानं फोनवर सांगितलं की एसी दुरुस्त करून घ्या नाहीतर विका, आणि खरं तर घराला कुलूप लावून इकडेच या. जाण्याचा मुद्दा माणिकरावांनी तसाच ठेवला. एसीसाठी त्यांनी बसस्टँडजवळच्या धम्मदीपला बोलावलं. हा तिशीचा, हसतमुख पोरगेला माणूस, आयटीआय करून आलेला, आणि बोलता बोलता हात चालवणारा. त्यानं मागच्या बोळात शिडीचा घोडा लावला, युनिटचं झाकण काढलं, मीटरच्या तारा लावल्या आणि पाचव्या मिनिटाला हाक मारली.

“काका, हा तं कधीचाच मेला आहे.”

माणिकराव खिडकीशी आले. धम्मदीपच्या हातात काडेपेटीएवढी एक काळी डबी होती, तिचं पोट फुगलेलं.

“हा कपॅसिटर. पंख्याच्या मोटरीले पहिला धक्का हा देते. एकदा फिरू लागली की मोटर आपली आपण फिरते, पण सुरू व्हायले याच्याबिगर जमत नाही. मीटरनं अडीच दाखवाले पाहिजे, आन् ते काहीच दाखवून नाही राह्यलं.”

“कधीपासून बंद असेल?”

“तीन महिने तं कुठंच गेले नाही.”

“शक्य नाही,” माणिकराव म्हणाले. “मेच्या मध्यापर्यंत पंखा फिरत होता. मी स्वतः रोज पाहिला आहे.”

“फिरन ना, काऊन नाही फिरणार? हातानं ढकलून दिला की फिरते. लाईट गेली की थांबते, आली की नुसता हूं हूं करते, की पुन्हा ढकला.” त्यानं जाळीतून बोट दाखवलं. “हे पाहा, पात्याच्या कडेले किती ओरखडे आहेत. काडी घालू घालू फिरवला आहे कोणीतरी. आन् बोळातून नाही, इकून, खिडकीतून. कोण फिरवे?”

“कोणी नाही.”

“काका, तुम्ही तं अशी साक्ष देऊन राह्यले जशी कोर्टात आहे.” तो हसला आणि हसताहसताच त्यानं लोखंडी पट्टी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घातला. “हे घ्या. मी म्हणलं नाही?”

ती तुरीची काडी होती, हातभर लांब, सोललेली. एक टोक काळं पडून झिजलेलं आणि दुसऱ्या टोकाला मऊ पांढऱ्या कापडाची चिंधी गुंडाळलेली, हाताला बोचू नये म्हणून. चिंधी सत्यभामाबाईंच्या जुन्या परकराची होती. काडी खराट्याची होती. खराटा मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशी उभा असे.

धम्मदीपनं नवीन कपॅसिटर बसवला. पंखा हूं न म्हणता गरकन फिरला. तो गेल्यावर माणिकरावांनी टेप घेतला आणि अंतर मोजलं. पलंगापासून खिडकी सात फूट. पलंगापासून अंगणातला खराटा एकतीस फूट, वाटेत दोन उंबरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाबाई केर काढत होत्या. सत्यभामाबाईंना चौदा महिने आंघोळ घालायचं, पुसायचं काम त्यांनीच केलं होतं. आठला येत, दहाला जात. माणिकरावांनी त्यांना खिडकीबद्दल विचारलं. पुष्पाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला.

“भाऊ, एक सांगू? रागवू नका.”

“सांगा.”

“बाईचे तळवे रोज मळलेले राहत. मी सकाळी पुसून देओ, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. मले वाटे चादरीचा रंग जाऊन राह्यला.”

“डाव्या पायाचा तळवा?”

“दोन्ही. उजव्याचा अंगठा तं पार सोलला होता, फरशीवर घासत नेल्यावानी. मी खोबऱ्याचं तेल लावो.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही तवा पेपर वाचत राहत होते, भाऊ.” मग त्यांनी खाली पाहिलं. “आन् मी तुम्हाले आवाज द्याले निघाली होती एक डाव, तं बाईनं डोळ्यानंच नाही म्हणलं.”

माणिकराव खुर्चीत बसले. म्हणजे ती चालत होती. तिला उठता येत होतं, भिंत धरून का होईना एक पाय ओढत खिडकीपर्यंत जाता येत होतं, लाईट आली की दिवसातून तीन-तीन, चार-चार वेळा. आणि चार वाजता कुलपात किल्ली फिरली की ती पुन्हा पलंगावर, चादर छातीपर्यंत. त्यांच्यासमोर चौदा महिन्यांत तिनं पायाचं बोटसुद्धा हलवलं नव्हतं. ते तिला कुशीवर वळवत, उचलून टेकवत, घास भरवत, आणि ती भरवून घेई. लपवायचं कारण काय, या एका प्रश्नावर त्यांनी अनेक टिपणं मनात लिहिली आणि एकही पुढे सादर करण्याजोगं वाटलं नाही. कधी वाटे, पूर्ण चालता आल्यावरच दाखवायचं असं तिनं ठरवलं असेल. कधी वाटे, ती चालते असं कळलं असतं तर आपण सकाळीही वाचनालयात गेलो असतो, आणि हे तिला ठाऊक असेल.

त्या दिवसापासून ते दुपारी घरी थांबू लागले. मागच्या खोलीत, पलंगाशेजारच्या खुर्चीत, एक ते चार. पुस्तक उघडं धरून. अर्ज मंजूर व्हायला उशीर झाला एवढाच काय तो मुद्दा होता.

चौथ्या दुपारी लाईट गेली आणि वीस मिनिटांनी आली. यंत्र आपसूक चालू झालं, तीन मिनिटं गेली, आणि बाहेरून आवाज आला, हूं हूं. पंखा जागचा हलला नाही. खोली तापू लागली. माणिकरावांनी धम्मदीपला फोन केला. तो आला, मीटर लावलं, म्हणाला कपॅसिटर टणटणीत आहे, मोटर टणटणीत आहे. मग माणिकरावांना बोळात उभं करून त्यानं मेन स्विच दहा वेळा खाली-वर केला आणि दहाही वेळा पंखा फिरला.

“काका, तुमच्यावर रुसला आहे तो,” धम्मदीप म्हणाला. “तुम्ही समोर बसून नका राहू. साहेब समोर बसला की कोणाचं काम होते?”

ही थट्टा होती. पण पुढच्या दोन आठवड्यांत माणिकरावांनी चौकटी आखलेल्या कागदावर नोंदी केल्या, कारण नोंद केल्याशिवाय त्यांना कशाचीच भीती वाटत नसे. लाईट गेल्याची वेळ, आल्याची वेळ, स्वतः कुठे होते, पंखा फिरला की नाही. ते खोलीत असताना लाईट नऊ वेळा गेली नि आली. पंखा नऊही वेळा थांबून राहिला. ते बाहेर असताना, कधी दाराशी टपालवाल्याकडे, कधी मुद्दाम ओसरीवर, सात वेळा. सातही वेळा ते आत आले तेव्हा पंखा फिरत होता.

मग त्यांनी धम्मदीपला पुन्हा बोलावून कपॅसिटर काढून घ्यायला सांगितला. नवा, चांगला, बिनदोष.

“काढू? काऊन बे काढायचा चांगला कपॅसिटर?” धम्मदीपच्या तोंडून ‘बे’ निसटलं आणि त्यानं जीभ चावली. “माफ करा, काका. पण मी पहिल्यांदाच ऐकून राह्यलो असं.”

“तपासणीसाठी,” माणिकराव म्हणाले. तपासणी या शब्दापुढे माणूस सहसा काही विचारत नाही.

धम्मदीपनं मेन बंद केला, डबी मोकळी केली आणि तिच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा धरला. चट्ट करून निळी ठिणगी उडाली. “लाईट बंद केली तरी याच्यात जीव राहते, काका. हात लावायच्या आधी काढून घ्या लागते.” डबी त्यानं त्यांच्या तळहातावर ठेवली. ती किंचित उबदार होती. “आता कोणी आलं तरी पंखा हलणार नाही. काडी घातल्याबिगर नाही.”

माणिकरावांनी तुरीची काडी खिडकीच्या पट्टीवर ठेवली, खोलीबाहेर आले, दार ओढून घेतलं आणि दाराला लागून असलेल्या बाकावर बसले. जुलैची दुपार होती, आभाळ भरलेलं आणि हवा थांबलेली. पावणेतीनला लाईट गेली. तीन वाजून पाच मिनिटांनी आली. आतून यंत्राचा बारीक आवाज आला. माणिकराव घड्याळाकडे पाहत होते.

आधी पलंग करकरला. लाकडी पलंग, त्याची डोक्याकडची उजवी खिट्टी सैल होती. ती तशी करकरली म्हणजे माणूस बसतं झालं, हे चौदा महिन्यांत त्यांच्या कानाला सवयीचं झालेलं होतं. मग काही नाही. मग फरशीवर एक पाऊल पडलं, आणि त्याच्यामागून काहीतरी ओढत आलं. पाऊल, ओढ. पाऊल, ओढ. मध्ये एकदा खूप वेळ थांबणं झालं, आणि त्या थांबण्यात दम लागल्याचा श्वास होता. माणिकरावांचा हात कडीवर गेला. सात फूट चालायला तिला तीन मिनिटं लागत होती, आणि तेवढा वेळ ती दोन महिने रोज एकटीच चालली होती.

पंखा फिरू लागला.

ते आत गेले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. काडी पट्टीवर होती. पलंगावरची चादर त्यांनी सकाळी घडी घालून पायथ्याशी ठेवली होती, ती आता छातीला येईल इतकी वर ओढलेली होती, आणि तिच्याखाली काही नव्हतं.

त्यांना भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं, आणि त्याला कचेरीच्या भाषेत शब्द नव्हता. पुढचे आठ दिवस ते रोज बाकावर बसले. लाईट जाई, येई, पलंग करकरे, पाऊल पडे, आणि ते बाहेर डोळे मिटून ऐकत. नवव्या दिवशी मात्र त्यांच्यानं राहवलं नाही. मधल्या त्या थांबण्यात, आत दम लागलेला ऐकू येत असताना, ते “सत्यभामा, हात धर,” असं म्हणाले आणि दार ढकलून आत शिरले.

खोली रिकामी होती. बाहेर यंत्र हूं हूं करत होतं. पंखा थांबलेला होता.

त्यानंतर चार दिवस काहीच झालं नाही. लाईट गेली, आली. पलंग करकरला नाही. माणिकराव बाकावर बसून राहिले, जेवले नाहीत, प्रेरणाचा फोन घेतला नाही. पुष्पाबाईंनी भाकरी झाकून ठेवली, ती दुसऱ्या दिवशी तशीच उचलली आणि म्हणाल्या, “भाऊ, असं काऊन करून राह्यले? बाई असती तं तिनं कागद लिहिला असता तुमच्या नावानं.” बायको एकदा गेली तेव्हा ते वाचनालयात होते. आता दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी तिला घालवायला ते जातीनं हजर होते. पाचव्या दुपारी पलंग पुन्हा करकरला, तेव्हा ते बाकावरच ओंजळीत तोंड घालून रडले, आवाज होऊ न देता. आवाजानं तिचा तोल जाईल असं त्यांना वाटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी कोरा कागद घेतला. जून महिन्यात अर्धवट सोडलेला तो पहिला कागद त्यांनी फाडून टाकला, कारण आता ‘प्रति’च्या पुढे काय लिहायचं ते त्यांना कळलं होतं.

‘प्रति, श्रीमती सत्यभामाबाई यांस. अर्जदार माणिकराव मेहेत्रे, सेवानिवृत्त. विनंती अशी की, दुपारी एक ते चार या वेळेत खोलीत थांबण्याची परवानगी मिळावी. अर्जदार खुर्चीतून उठणार नाही. बोलणार नाही. डोळे मिटून घेण्याची अट असल्यास तीही मान्य आहे. अर्जदाराचे हातून यापूर्वी घडलेल्या विलंबाबद्दल’

चौतीस वर्षांत विलंबाबद्दल त्यांनी ‘दिलगिरी’ शेकडो वेळा लिहिली होती आणि तो शब्द आता त्यांच्या कामाचा राहिला नव्हता. वाक्य तसंच सोडून त्यांनी खाली सही केली. शेऱ्यासाठी डावीकडे नेहमीसारखी रुंद जागा ठेवली. पलंगाशेजारच्या स्टुलावर कागद ठेवला, आणि साहेबापुढे ठेवायच्या जुन्या सवयीनं त्याच्या उजव्या हाताला पेन, टोपण लावलेलं.

याला आज एकोणतीस दिवस झाले. मधल्या काळात अर्जदारानं दोन स्मरणपत्रं दिली आहेत. प्रेरणा रविवारी न्यायला येणार होती. एक प्रकरण निर्णयासाठी आहे, ते होईपर्यंत गाव सोडता येणार नाही, असं तिला फोनवर कळवण्यात आलं. ती रडली. पंखा रोज फिरतो. कपॅसिटर कपाटात आहे.

अर्ज स्टुलावर आहे. पहिल्याच दुपारनंतर पेन कागदाच्या डाव्या बाजूला आलं, टोपण काढलेलं. तेव्हापासून ते तिथेच आहे, आणि माणिकरावांनी त्याला हात लावलेला नाही. शेऱ्याची जागा कोरी आहे. अर्ज प्रलंबित आहे.